परत येण्याचा पुरावा

मारुती हांडे ऊर्फ अण्णा यांच्यासमोर कुणी "असं म्हणतात की" अशी सुरुवात केली, की त्याची धडगत नसे. अण्णा हातातलं काम थांबवत, चष्मा कपाळावर चढवत आणि अगदी शांतपणे विचारत, "लिवलंय का कुठं?" लिहिलं असेल तर कुठे, कुणी, आणि तुम्ही स्वतः वाचलंय का, हे प्रश्न मागे रांगेत उभेच असत. एकदा एका सोयरिकीच्या बैठकीत मुलाचे मामा मुलाच्या नोकरीबद्दल भरभरून बोलत होते. अण्णा मुलीकडचे लांबचे नातेवाईक, मान म्हणून बोलावलेले. त्यांनी नेमणुकीचं पत्र मागितलं. पत्र काही निघालं नाही, सोयरीक तिथेच थांबली आणि दोन्हीकडची मंडळी वर्षभर अण्णांशी धड बोलत नव्हती. अण्णांना त्याचं काही वाटलं नाही. आपण फक्त विचारलं, असं त्यांचं म्हणणं.

मी त्यांच्या गावात आलो तो नव्वदीच्या मध्यावर, हायस्कूलात इंग्रजी शिकवायला. गाव नारायणगावपासून सात-आठ किलोमीटर आत. मी मूळचा मंचरचा, त्यामुळे परका नव्हतो, पण रोजचं जाणं-येणं नको म्हणून अण्णांच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. अण्णांची तीन एकर द्राक्षबाग, शिक्षण सातवी. वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, मी येण्याच्या आधीच वारल्या होत्या. घरात बाप आणि एकुलती एक मुलगी नंदा, तेव्हा नववीत. माझ्याच वर्गात होती. वर्गात ती मला जे प्रश्न विचारायची त्यावरून ती कुणाची मुलगी हे न सांगता कळत असे.

जागतिक व्यापाराचा नवा करार झाला त्या दिवसांतली गोष्ट. गावोगाव वक्ते येत. आता शेतकऱ्याला स्वतःचं बियाणं ठेवता येणार नाही, गोऱ्यांचा कांदा आपल्या बाजारात येणार, असं सांगून लोकांना घाबरवत. आमच्या चावडीसमोर असंच एक भाषण झालं. वक्ता बोलायला तयारीचा होता. भाषण संपल्यावर अण्णा उठले आणि त्यांनी विचारलं, तो करार तुमच्याकडे आहे का, असला तर जरा बघायला द्या. वक्ता म्हणाला, करार इंग्रजीत आहे, शेकडो पानांचा आहे. अण्णा म्हणाले, असू दे की, तुम्ही तर वाचला असेल. वक्ता हसला, पाणी प्यायला आणि जीपमध्ये जाऊन बसला.

दुसरा कुणी असता तर तिथे जिंकल्याचं समाधान मानून घरी गेला असता. अण्णा चार दिवसांनी पुण्याला गेले आणि कुठल्याशा ग्रंथालयातून त्या कराराच्या झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आले. शेतमालाबद्दलचा आणि झाडापिकांच्या आरोग्याबद्दलचा तेवढाच भाग आणला होता, तरी तो उशीएवढा झाला होता. तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. शाळा सुटल्यावर रोज दोन पानं, असा त्यांनी बेत सांगितला. मला विचारलं नाही.

आता खरं सांगायला हरकत नाही, माझं इंग्रजी दहावीच्या पेपरापुरतं होतं. एकेक वाक्य अर्धं पान चाले आणि क्रियापद शेवटपर्यंत सापडत नसे. मी थापा मारायला लागलो की अण्णा भिंग काढत. हे भिंग त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असे. द्राक्षाच्या पानाखालची लाल कोळीची कीड बघायला घेतलेलं, पण बारीक अक्षर वाचायलाही तेच. इंग्रजी येत नसलं तरी एखादा शब्द आधीच्या पानावर कुठे आला होता हे त्यांना बरोबर आठवे. काल याचा अर्थ तुम्ही दुसरा सांगितला होता, असं म्हणत आणि मी निमूटपणे डिक्शनरी उघडत असे. माझं इंग्रजी सुधारलं ते त्या एका वर्षात, आणि ते सुधारायचं श्रेय एका सातवी पास माणसाला आहे.

पुढे गावातल्या चौदा बागायतदारांनी मिळून विलायतेला द्राक्षं पाठवायचं ठरवलं. तिकडचे नियम आले. कुठलं औषध चालतं, कुठलं नाही, शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस जायला पाहिजेत, कामगारांना हात धुवायला पाणी कुठे, औषधाच्या कपाटाला कुलूप आहे का. पुस्तिका मराठीतच होती, पण ती वाचणार कोण? अण्णांनी ती लाल फडक्यात बांधली आणि दर शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात वाचून दाखवायला सुरुवात केली. लोकही पोथीला यावं तसे यायचे. "अण्णा, आज कितवा अध्याय?" असं विचारायचे. आमच्या म्हाताऱ्या मंडळींना तर खरोखरच तो काही धार्मिक कार्यक्रम वाटला असावा. पुस्तिका संपली त्या शनिवारी एका आजोबांनी नारळ फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. खोबरं खाऊन लोक घरी गेले आणि सोमवारी पुन्हा हवं ते औषध मारायला लागले. अण्णांनी न चिडता पुढच्या शनिवारी पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतलं. तीन पारायणं झाल्यावर लोक सुधारले. निदान फवारणीची वही ठेवायला लागले.

पण वही ठेवावी ती अण्णांनी. दिवस, वार, ढग होते की ऊन, कुणी फवारलं, काय फवारलं, किती, आणि खाली सही. ज्या दिवशी काही केलं नाही त्या दिवशी "बागेत फिरलो, काही केले नाही" असं लिहून सही. वर्षातून एकदा तिकडच्या कंपनीची तपासणीस बाई यायची. तिने ही वही पहिल्यांदा पाहिली तेव्हा बरोबरच्या दुभाष्याला विचारलं, हा माणूस कधीच कुठे जात नाही का? पानांखाली तिने सही केली. त्याच दिवशी तिला द्राक्षं खोक्यांत भरायच्या आमच्या पॅकहाऊसमध्ये जायचं होतं. दारात अण्णा उभे. त्यांनी तिला हातातलं घड्याळ आणि बोटातली अंगठी काढून ठेवायला सांगितली. कंपनीचा माणूस घाबरला, आपल्या पाहुण्याला असं कसं म्हणायचं. अण्णा म्हणाले, "नियम त्यांचाच हाय." बाईने अंगठी काढायचा प्रयत्न केला, ती बोटात रुतली होती. साबण लावून निघाली. त्या वर्षी आमच्या गटाला सगळ्यांत चांगला शेरा मिळाला.

नंदा बारावीनंतर पुण्याला नर्सिंगला गेली. तिथून दवाखान्यात, आणि मग विलायतेत नर्स हव्या आहेत अशी जाहिरात आली तशी थेट तिकडे. अण्णांनी तिला अडवलं नाही. तिच्या कंत्राटाची सगळी पानं मात्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. जानेवारीत, ऐन द्राक्षाचे मणी भरायच्या दिवसांत, ते तिला विमानतळावर सोडायला मुंबईला गेले. तीन दिवस बागेत नव्हते. तेवढ्यात ढग आले.

शेजारी कोंडिबा. त्यांच्या आजोबांपर्यंत मेंढरं होती, आता तेही बागायतदार. दोघांची सावड होती, म्हणजे याच्या बागेला तो आणि त्याच्या कांद्याला हा, हिशेब न ठेवता. ढग बघून कोंडिबांना राहवलं नाही. ढगाळ हवेत डावणीची बुरशी आली तर घडच्या घड जातात. त्यांनी आपला पंप आणला, आपल्याकडचं उरलेलं औषध घेतलं आणि अण्णांची तीन एकर बाग फवारून टाकली. केलेल्या उपकाराची वाच्यता करायची नाही म्हणून कुणाला बोलले नाहीत. अण्णा आले, पानांवरचे वाळलेले थेंब पाहिले, भिंग लावलं आणि थेट कोंडिबांच्या ओट्यावर गेले. कोंडिबांना प्रश्नच कळेना. "ढग आलं व्हतं. तुजी बाग गेली असती. त्यात काय इचारायचं?"

औषध निर्यातीला बंदी असलेलं होतं. गटाची मंडळी रात्र पडायच्या आत अण्णांच्या ओसरीवर जमली. एकमताने ठरलं की नमुना तपासायला जाईल तेव्हा बघू, इतक्या कमी औषधाचा अंश कदाचित सापडणारही नाही, वहीत कशाला लिहायचं? मीही तेच म्हणालो, हे कबूल करायला पाहिजे. अण्णांनी सगळ्यांना चहा दिला, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि आमच्या समोरच वही उघडून लिहिलं: "मुलीला सोडण्यास मुंबईस गेलो होतो. माझ्या गैरहजेरीत शेजाऱ्याने प्रेमाने फवारणी केली." औषधाचं नाव, प्रमाण, सही. त्यांची बाग त्या वर्षी निर्यातीच्या यादीतून गेली आणि द्राक्षं नारायणगावच्या व्यापाऱ्याला द्यावी लागली. कोंडिबा आठ दिवस तोंड दाखवेनात. नवव्या दिवशी अण्णा आपण होऊन त्यांच्या कांद्याच्या रानात जाऊन खुरपायला बसले. "मारलंस ते बरंच केलंस, डावणी आलीच असती," एवढंच म्हणाले. "प्रेमाने" हा शब्द तपासणीच्या वहीत बसतो का, असं मी त्यांना नंतर विचारलं. ते म्हणाले, खरं असेल ते बसतं.

दोन-तीन वर्षांनी नंदाचं लग्न झालं. मुलगा अवसरीचा, इंजिनिअर, तिकडेच नोकरीला. लग्न इथे झालं, आठ दिवसांत दोघं परत गेली. मग एका वर्षी फोन आला की तिला दिवस गेलेत. त्याआधी एकदा तिचं मूल पोटातच गेलं होतं, त्यामुळे अण्णा ऐकून हसलेही नाहीत.

पहिलं बाळंतपण माहेरी. आमच्याकडे याला दुसरा विचार नसतो. पण नंदाला येता येईना. तिकडे अमुक इतकी वर्षं सलग राहिलं की कायम राहायचा परवाना मिळे, आणि मधेच सरकारने ती मुदत वाढवली होती, आधीपासून गेलेल्यांनाही लावली होती. आता लांब सुट्टी घेतली तर सगळंच लांबणार होतं. अण्णांना हे फार लागलं. आम्ही करार वाचला होता तेव्हाचं त्यांना आठवत होतं. "सर, मालाचा नियम बदलायचा तर आधी कळवत्यात. हरकत घ्यायला मुदत देत्यात. आन माणसांचा नियम? सकाळी उठून बघायचं, बदलला." करार वाचून गावात एवढं शहाणं झालेलं ते एकटेच होते, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

मग त्यांनी ठरवलं, पोर माहेरी येऊ शकत नाही तर माहेर तिकडे जाईल. पासपोर्ट काढला. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतिणीचा काढा, हे सगळं कोंडिबांच्या बायकोकडून, हौसाबाईंकडून, शिकायला सुरुवात केली. साठीचा माणूस चुलीपुढे बसून डिंक तळतोय आणि हौसाबाई ओरडतायत की तूप तापलं नाही अजून, हे दृश्य बघायला आळीतल्या बायका काही ना काही निमित्त काढून येत. अण्णा कृती वहीत उतरवून घेत.

व्हिसाच्या मुलाखतीला मी बरोबर गेलो. पहाटेची एसटी, माळशेज घाटाने. वाटेत मढला त्यांची बहीण दिलेली होती, तिने स्टँडवर भाकरी आणून दिली. मुंबईत कचेरीच्या आत मला सोडलं नाही. मी समोरच्या फुटपाथवर दोन तास उभा होतो. अण्णा बाहेर आले ते हातातली सातबाऱ्याची फाईल छातीशी धरून. आत काय झालं ते त्यांनी घाट चढून झाल्यावर सांगितलं. काचेपलीकडचा अधिकारी सभ्य होता. दुभाष्या मराठी बोलत होता. त्यांनी विचारलं, बायको? नाही. मुलगा? नाही. मुलगी एकच, तीही आमच्याकडेच? हो. मग तुम्ही परत कशावरून याल? अण्णा म्हणाले, ऑक्टोबरात छाटणी आहे. ती दुसरं कुणी करणार नाही का? करेल, पण बाग माझी आहे.

आठवड्याने पत्र आलं. तुमचा परत जाण्याचा इरादा आहे याबद्दल खात्री पटत नाही, असं त्यात लिहिलं होतं. मी ते वाचून दाखवलं तेव्हा ते ओट्यावर बसले होते. त्यांनी मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

"सर, मी कदी कुठं ऱ्हायलोय का?"

मी नाही म्हणालो. नंदाला सोडायला मुंबईला गेले ते तीन दिवस सोडले, तर खरंच नव्हते राहिले. बहिणीकडे मढला गेले तरी संध्याकाळच्या गाडीने परत येणारा माणूस. रागावलेले अण्णा मी पाहिले होते, पण त्या दिवशी ते रागावलेले नव्हते. त्यांना खोटं ठरवलं होतं आणि तेही लिहून पाठवलं होतं. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हा माणूस म्हातारा झाला आहे.

दोन दिवस ते पत्राला शिवले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या खोलीत आले, भिंग हातात. पत्राच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात काहीतरी होतं, ते काय आहे विचारायला. मी वाचलं. जवळच्या नातेवाइकाला भेटायला जाणाऱ्याला या निकालावर अपील करता येतं, ते तिकडच्या न्यायाधीशासमोर चालेल, असं होतं. अण्णांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी रंग आला. लगेच त्यांनी विचारलं की मुदत किती दिवसांची आहे.

अपिलात काय लिहायचं यावर आम्ही बरेच दिवस घातले. वकील करायला ते तयार नव्हते. परत येईन हे कसं सिद्ध करायचं? सातबारा तर आधीच दिला होता. तेव्हा अण्णांनी माळ्यावरून फवारणीच्या वह्या काढल्या. आठ वर्षांच्या आठ वह्या. जवळपास प्रत्येक दिवशी हा माणूस बागेत होता, आणि प्रत्येक वर्षी त्याखाली तिकडच्याच तपासणीस बाईची सही होती. "त्यांच्याच माणसानं बघितलंय," अण्णा म्हणाले. माझी उन्हाळ्याची सगळी सुट्टी त्या वह्यांचं इंग्रजी करण्यात गेली. "बागेत फिरलो, काही केले नाही" हे वाक्य मी इंग्रजीत किती वेळा लिहिलं असेल याला सुमार नाही.

नंदाला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली की कोंडिबाकाकांच्या फवारणीचं पान तेवढं काढून टाका. त्यावर तुम्ही गैरहजर होता असं स्वच्छ लिहिलंय, आणि बंदीचं औषधही आहे, उगाच शंका. अण्णांनी ते पान काढलं नाही. एक पान काढलं तर बाकीच्यांवर कुणी का विश्वास ठेवावा, असं त्यांनी तिला सांगितलं. फोन ठेवल्यावर मला म्हणाले की पोरगी तिकडे जाऊन ढिली पडली.

जूनमध्ये नंदा बाळंत झाली. मुलगा झाला, दोघं सुखरूप. अपिलाचा पत्ता नव्हता. तिच्या दवाखान्यातल्या एका केरळच्या नर्सने तिचं सगळं केलं, रोज न्हाऊमाखू घातलं. अण्णांनी गावात पेढे वाटले. सगळ्यांशी हसून बोलले. पेढे वाटून झाल्यावर रिकामा पुडा हातात घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"पोरीला आई नाय, आन बापाला शिक्का नाय," म्हणाले आणि आत गेले.

निकाल सप्टेंबरात आला. अडीच पानांचा. मी ओसरीवर उभं राहून वाचून दाखवला, कोंडिबा आणि हौसाबाई ऐकायला. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की सादर केलेल्या शेतीच्या नोंदी समजायला अवघड आहेत, पण त्या लिहिणारा माणूस सलग चार दिवसही आपली जमीन सोडून राहिलेला दिसत नाही. तीन आठवड्यांत परत येण्याचं त्याचं म्हणणं मान्य करायला हरकत नाही. अपील मंजूर. हौसाबाईंना इंग्रजी निकालातलं काय कळलं कोण जाणे, पण त्या पदराने डोळे पुसायला लागल्या. अण्णा मात्र अस्वस्थ होते. कोंडिबाच्या पानाबद्दल काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे साहेबांनी सगळं वाचलेलं दिसत नाही, ही त्यांची तक्रार.

मूल तीन महिन्यांचं झालं होतं, तरी लाडू न्यायचेच होते. पण निघायच्या आधी अण्णांनी माझ्याकडून आणखी एक यादी वाचून घेतली, प्रवाशाने बरोबर काय आणू नये याची. मांस आणि दूध-दुभत्याचे पदार्थ नकोत, असं त्यात होतं. तूप दुभत्यात येतं. झालं, लाडूत तूप नाही. हौसाबाई कपाळाला हात लावून बसल्या. तुपाशिवाय डिंकाचा लाडू वळणार कसा? डबा पिशवीत तळाला घाल, कोण बघतंय, असं सगळ्या आळीने सांगितलं. शेवटी अण्णांनी डिंक, खारकेची पूड, किसलेलं खोबरं, अळीव अशा कोरड्या पुड्या केल्या, प्रत्येकीवर मला इंग्रजीत नाव घालायला लावलं, आणि तूप तिकडे विकत घेऊन लाडू तिथे वळायचे ठरवलं. अपिलात तीन आठवडे लिहून दिलं होतं, त्याप्रमाणे परतीचं तिकीटही काढलं. व्हिसाचा शिक्का सहा महिन्यांचा मिळाला होता. कोंडिबा म्हणाले, राहा की चार महिने, छाटणी मी करतो, तुझ्यापेक्षा चांगली करतो. अण्णांनी छाटणी आपण येईपर्यंत थांबवायला सांगितलं.

त्यानंतरच्या जूनमध्ये माझी बदली झाली आणि मी आंबेगाव तालुक्यात गेलो. नंतरही अण्णा भेटत, पण त्यांची आठवण आली की डोळ्यांसमोर येते ती ते विलायतेहून परतले त्या दिवसाची दुपार. शनिवार होता, सकाळची शाळा. मी घरी आलो तर अण्णांच्या दाराला कुलूप आणि बॅग ओट्यावर. बागेत गेलो. पहाटे मुंबईला उतरलेला माणूस दुपारी छाटणी करत होता. अंगात नंदाने घेऊन दिलेला निळा स्वेटर, ऑक्टोबरच्या उन्हात. मागून दोन बाया छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना, ते लवकर फुटावेत म्हणून, औषध लावत येत होत्या.

मी विचारलं, कसं काय झालं? ते सांगत राहिले, हात चालू. घर लहान आहे पण उबदार आहे. लाडू वळले, जरा सैल झाले. जावई चांगला आहे, भांडी घासतो. पोरगं बोट धरतं आणि सोडत नाही. नंदा बारीक झाली आहे. रात्रपाळी करून येते आणि मुलाला घेऊन बसते. तिने रोज म्हटलं, अण्णा, राहा. सहा महिन्यांचा शिक्का आहे, कोण विचारतंय. आपण रोज नाही म्हटलं.

मग त्यांनी बायांना पुढच्या ओळीत जायला सांगितलं.

"निगायच्या दिशी सकाळी पासपोर्ट दिसंना," ते म्हणाले. "रातीला बॅगेत ठिवला व्हता. जावई समदं घर हुडकतोय. नंदा पोराला मांडीवर घिऊन बसलेली, बोलंना. मला कळलं, हिनंच ठिवलाय."

"मग तुम्ही मागितला?"

"नाय." त्यांनी एक काडी कापली. "मी बी बसलो तिच्यासमोर. टॅक्सी दारात आली. मनात म्हनलं, तिनं नाय दिला तर आपन नाय जायाचं. लिवून दिलंय तर दिलंय, ऱ्हायलं."

अण्णांच्या तोंडून असं ऐकेन असं मला कधी वाटलं नव्हतं.

"लई येळ बसलो, सर. मग तिनंच पोराच्या दुपट्याखालनं काढला आन माज्या हातात दिला. म्हनली, जा अण्णा, छाटणीला उशीर व्हईल."

ते पुढच्या वेलीकडे वळले. माझ्याकडे पाठ होती. कात्री काडीला लावलेली, पण ती दाबली जात नव्हती. मी बांधावरून घराकडे आलो आणि त्यांच्या चहाचं आधण ठेवलं.